काँक्रीट अ‍ॅडमिक्श्चरचा घाऊक दर कशावर ठरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट पाइपचे कारखाने, मध्यम ठेकेदार यांच्यासाठी मी मिक्स डिझाइन करतो, म्हणजे काँक्रीटमधल्या घटकांचं प्रमाण ठरवतो. प्लांटवर गेलो की ताकदीबद्दल कमी आणि दराबद्दल जास्त विचारलं जातं. त्यात काही गैर नाही, कारण महिन्याला टँकरने केमिकल, म्हणजे काँक्रीटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळायचं अ‍ॅडमिक्श्चर, घेणाऱ्याचे पैसे इथेच वाचतात किंवा इथेच बुडतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उदाहरणांतले रुपये हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे दर घालून तोच हिशेब करून बघा.

एक कोटेशन ४२ रुपये किलोचं आहे, दुसरं ७८ रुपयांचं. दोघंही ‘सुपरप्लास्टिसायझर’च म्हणतात. मग एवढा फरक कशामुळे?

बहुतेक वेळा त्या दोन वेगळ्या वस्तू असतात. सुपरप्लास्टिसायझरचं काम कमी पाण्यात काँक्रीट पातळ ठेवणं. अशा पाणी कमी करणाऱ्या केमिकलची बाजारात ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिलं लिग्नोसल्फोनेट. हा कागदाच्या लगद्याच्या उद्योगातून निघणारा जोडमाल असल्यामुळे सर्वांत स्वस्त पडतो, पण पाणी साधारण ५ ते १० टक्केच कमी करतो. दुसरं नॅप्थालीनवर आधारलेलं एसएनएफ. ते १९६० च्या दशकात जपानमध्ये पुढे आलं आणि आपल्याकडे आजही भरपूर चालतं. तिसरं पॉलिकार्बोक्झिलेट, म्हणजे पीसीई. त्याचीही सुरुवात जपानमधलीच, १९८० च्या दशकातली. त्याने पाणी ३० टक्के आणि त्याहूनही जास्त कमी करता येतं.

यांची सरमिसळही विकली जाते: एसएनएफमध्ये लिग्नोसल्फोनेट, पीसीईमध्ये रिटार्डर (काँक्रीट घट्ट व्हायला उशीर लावणारं केमिकल), कधी नुसतंच जास्तीचं पाणी. म्हणून कोटेशनवर फक्त ब्रँड आणि दर असेल तर ते परत पाठवा. कोणत्या रसायनावर आधारलेलं आहे, सॉलिड किती टक्के, रिलेटिव्ह डेन्सिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) किती आणि आयएस ९१०३ या अ‍ॅडमिक्श्चरच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी अहवाल आहे का, एवढं लेखी आल्याशिवाय दोन दर शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मग स्वस्त कोणतं, हे कसं काढायचं?

किलोचा दर बाजूला ठेवा. घनमीटरमागे काय पडतं ते बघा.

एम ३० या ताकदीच्या श्रेणीचं मिक्स धरू, त्यात सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्राची राख) मिळून ३८० किलो. एसएनएफचा डोस १.२ टक्के लागला, तर घनमीटरला ४.५६ किलो. ४२ रुपये दराने झाले सुमारे १९२ रुपये. पीसीईचा डोस ०.६ टक्के लागला, तर २.२८ किलो आणि ७८ रुपये दराने १७८ रुपये. महाग दिसणारं केमिकल घनमीटरमागे चौदा रुपयांनी स्वस्त पडलं. महिन्याला ३,००० घनमीटर माल काढणाऱ्या प्लांटवर हा फरक एक्केचाळीस-बेचाळीस हजारांचा होतो.

आता याच उदाहरणात वाळू खराब आली आणि पीसीईचा डोस ०.९ टक्क्यांवर गेला असं धरा. खर्च २६७ रुपये होतो आणि सगळा हिशेब उलटतो. दर तोच, केमिकल तेच. म्हणून ट्रायल मिक्स तुमच्याच वाळूवर, तुमच्याच सिमेंटवर आणि तुमच्या गाडीला साइटवर पोचायला लागणारा वेळ धरून घ्यायची. पुरवठादाराच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या धुतलेल्या वाळूवर निघालेला डोस तुमच्या कामाचा नाही.

सॉलिड कंटेंटला एवढं महत्त्व का?

पिंपात जे येतं त्यात काम करणारा भाग थोडा आणि पाणी जास्त असतं. पाणी उडवल्यावर जे उरतं ते सॉलिड. एसएनएफच्या द्रवात ते साधारण ३५ ते ४० टक्के असतं. पीसीईत २० पासून ४० टक्क्यांपर्यंत काहीही सापडतं.

एकाच रसायनाचे दोन माल तोलताना सॉलिडचा दर काढा. ४० टक्के सॉलिडचं एसएनएफ ४२ रुपयांना म्हणजे सॉलिड १०५ रुपये किलो. ३० टक्के सॉलिडचं ३६ रुपयांना म्हणजे १२० रुपये किलो. कोटेशनवर सहा रुपये स्वस्त दिसणारा माल प्रत्यक्षात महाग आहे. मात्र ही मोजपट्टी एसएनएफ आणि पीसीई यांच्यात लावू नका. पीसीईचं एक किलो सॉलिड एसएनएफच्या एक किलोपेक्षा खूप जास्त काम करतं.

किलो आणि लिटरचा घोळही इथेच होतो. एसएनएफची घनता १.२ च्या आसपास असते. ४५ रुपये लिटर म्हणजे ३७ रुपये ५० पैसे किलो. पीसीई साधारण १.०५ ते १.१० असल्यामुळे तिथे फरक कमी पडतो. ऑर्डर किलोची, बिल लिटरचं आणि बॅचिंग प्लांटचं पॅनल तिसऱ्याच एककात, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तिथे डोस महिनोन् महिने चुकत राहतो.

पहिला लॉट चांगला येतो आणि नंतर डोस वाढत जातो. भेसळ कशी ओळखायची?

हा अनुभव मलाही आला आहे. एका कारखान्यात ट्रायलच्या वेळी १.२१ घनतेचा माल आला होता. चौथ्या महिन्यात पेव्हरचे ब्लॉक साच्यातून निघताना कडा सोडायला लागले. मालक सिमेंटवर संशय घेत होता. आम्ही पिंपात घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला, तर १.१७. पुरवठादाराचं म्हणणं होतं, उन्हाळ्यामुळे. उन्हाने घनतेत किंचित फरक पडतो हे खरं, पण एवढा नाही. त्या चार महिन्यांत गेलेल्या सिमेंटचा आणि तुटलेल्या ब्लॉकचा हिशेब मालकाने वहीत लिहून ठेवला होता. ते पान बघताना मला फार वाईट वाटलं, कारण हायड्रोमीटर आणायला मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आयएस ९१०३ मध्ये यासाठी स्पष्ट मर्यादा आहेत. सॉलिड उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याच्या पाच टक्के आत हवं, म्हणजे ४० सांगितलं असेल तर ३८ ते ४२. रिलेटिव्ह डेन्सिटी सांगितलेल्या आकड्यापेक्षा ०.०२ हून जास्त हलू नये. हायड्रोमीटरची किंमत टँकरच्या तुलनेत नगण्य आहे. प्रत्येक टँकर उतरवण्याआधी घनता मोजून नोंदवहीत लिहा. महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये पाणी उडवून सॉलिड तपासा, कारण स्वस्त मीठ टाकून घनता वाढवता येते आणि तेवढ्या वेळी हायड्रोमीटर फसतो. त्या मिठात क्लोराइड असेल तर सळईचं नुकसान होतं ते वेगळंच.

दर मधेच का वाढतात? आमच्या भागात तर काहीच बदललेलं नसतं.

कच्च्या मालाची मुळं लांब असतात. एसएनएफसाठी नॅप्थालीन, सल्फ्युरिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि कॉस्टिक सोडा लागतो. नॅप्थालीन मुख्यतः कोळशाच्या डांबरातून निघतं आणि ते डांबर पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतून येतं. म्हणजे पोलादाची मागणी पडून भट्ट्या मंदावल्या, तर काही काळाने तुमचं एसएनएफ महागू शकतं. फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलपासून बनतं आणि आपल्या देशात लागणारं बहुतेक मिथेनॉल बाहेरून येतं, त्यात आखाती देशांचा वाटा मोठा. तिकडे जहाजं अडली की इकडे कोटेशनची मुदत पंधरा दिवसांवरून तीन दिवसांवर येते.

पीसीईची गोष्ट वेगळी. त्याचा मुख्य घटक इथिलिन ऑक्साइडपासून तयार होतो. हा वायू ज्वालाग्राही, स्फोटक आणि विषारी असल्यामुळे लांब नेणं जोखमीचं आणि खर्चाचं असतं. म्हणून त्यावरची पहिली प्रक्रिया शक्यतो मूळ कारखान्याच्या जवळपास होते. त्यातून तयार झालेलं मॅक्रोमोनोमर (पीसीईच्या लांब साखळ्यांचा कच्चा माल) देशातही बनतं आणि चीनहूनही येतं, त्यामुळे कच्चं तेल, डॉलर आणि न्हावाशेवापर्यंतचं जहाजभाडं अशा तिन्ही गोष्टी दरात उतरतात. पुरवठादार पीसीई स्वतः बनवतो की तयार पॉलिमर आणून त्यात फक्त पाणी आणि रिटार्डर मिसळतो, हे विचारा. दुसरा प्रकार वाईट नाही, पण दरावर त्याची पकड कमी असते.

आमच्या प्लांटवर डोस शेजारच्या प्लांटपेक्षा जास्त लागतो. केमिकलवाल्याशी भांडून उपयोग होईल का?

आधी वाळूच्या ढिगाकडे जा. या सगळ्या पानातलं मला सर्वांत मनापासून सांगायचं आहे ते इथे आहे.

नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून आपण क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर आलो. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. दगड ताजा आणि घट्ट असेल तर ती उत्तम. पण खाणीचा वरचा थर कुजलेला असतो. वरची माती आणि मुरूम नीट न काढता, किंवा दोन थरांमधला लालसर पट्टा तसाच ठेवून दगड क्रशरमध्ये गेला, की वाळूत चिकणमाती येते. बेसॉल्ट झिजून जी माती होते तिच्यात स्मेक्टाइट जातीची खनिजं भरपूर असतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती त्यामुळेच. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पीसीईच्या लांब साखळ्या जाऊन अडकतात. सिमेंटच्या कणांना वेगळं करण्यासाठी विकत घेतलेलं केमिकल माती गिळून टाकते. एसएनएफलाही मातीचा त्रास होतो, पण पीसीईइतका नाही. म्हणूनच ‘आम्हाला पीसीई परवडत नाही’ असं सांगणाऱ्या प्लांटवर निम्म्या वेळा मला दोष वाळूत सापडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बारीक पूड आणि माती या एकच गोष्टी नाहीत. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते, नैसर्गिक वाळूत फक्त ३ टक्के. दगडाची शुद्ध पूड पाणी थोडं जास्त मागते, पण केमिकल गिळत नाही. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून थर मोजण्याची आपली नेहमीची पद्धत दोन्हींना एकाच मापाने मोजते. माती वेगळी ओळखायची तर मिथिलीन ब्ल्यूची चाचणी करावी लागते. निळ्या रंगाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकत जायचं आणि माती किती रंग शोषते ते बघायचं. शिकायला एक दुपार पुरते.

त्यामुळे केमिकलचा दर दोन रुपयांनी खाली आणण्यासाठी आठवडाभर घासाघीस करण्यापेक्षा क्रशर बदलणं किंवा धुतलेली वाळू घेणं कित्येकदा जास्त फायद्याचं ठरतं. धुतलेली वाळू टनाला महाग असते हे खरं. पण वर काढलेला ०.६ आणि ०.९ टक्क्यांचा फरक आठवा: घनमीटरमागे ८९ रुपये. वाळू घनमीटरला साधारण पाऊण टन ते नऊशे किलो लागते. तुमच्या भागात धुण्याचा जादा दर किती आहे ते विचारा आणि मग ठरवा.

सिमेंट बदललं तर डोस बदलतो का?

हो. सिमेंटमधलं सी३ए (पाण्याशी झपाट्याने क्रिया करणारा घटक), सल्फेट, दळण आणि कारखान्यातून गरमागरम आलेला बल्कर (सुटं सिमेंट आणणारी गाडी), यांपैकी काहीही बदललं तरी फरक पडतो. सिमेंटची कंपनी बदलण्याआधी छोटी ट्रायल घ्या.

केमिकल घातल्याने काँक्रीट महाग होतं की स्वस्त?

नीट वापरलं तर स्वस्त. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ ठेवायचं आहे आणि केमिकलशिवाय पाणी १९० लिटर लागतं असं धरा. सिमेंट झालं ४२२ किलो. केमिकलने पाणी १६० लिटरवर आलं तर सिमेंट ३५६ किलो पुरतं. ६६ किलो वाचले. ३५० रुपयांची गोणी धरली तर ४६२ रुपये. त्यातून केमिकलचे पावणेदोनशे-दोनशे रुपये वजा करा आणि रिकाम्या झालेल्या जागेत बसणाऱ्या सुमारे १४० किलो खडी-वाळूचे पैसेही वजा करा. तरीही बचत उरते.

पण सिमेंट हवं तेवढं खाली नेता येत नाही. आयएस ४५६ मध्ये वातावरणानुसार किमान सिमेंट ठरलेलं आहे: सळईच्या कामाला मध्यम वातावरणात ३००, तीव्र असेल तर ३२० आणि अतितीव्र असेल तर ३४० किलो. कोकण किनाऱ्यावर काम असेल तर ही पायरी आधी तपासा. तिथे जास्त पाणी कापणाऱ्या महाग केमिकलचा फायदा सिमेंटच्या बचतीत पूर्ण मिळत नाही, तो टिकाऊपणात मिळतो.

फ्लाय अ‍ॅश, जीजीबीएस आणि मायक्रोसिलिका या सिमेंटसोबत घालायच्या पुडींचे दर गावागणिक एवढे का बदलतात?

कारण फ्लाय अ‍ॅशमध्ये तुम्ही मुख्यतः भाडं विकत घेता. राखेला वीज केंद्राच्या फाटकावर फारशी किंमत नसते. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर विदर्भात आहेत, तर मोठी मागणी मुंबई-पुणे पट्ट्यात. नागपूरच्या प्लांटला जी राख जवळजवळ दारात मिळते ती पनवेलला पोचेपर्यंत बल्करचं भाडं तिच्या मूळ किमतीवर कडी करतं. एकलहरे, भुसावळ, परळी यांच्याजवळ असणाऱ्यांनी आपली भौगोलिक सोय वापरून घ्यावी. स्वस्त राखेत न जळलेला कोळसा जास्त असतो, तोही केमिकल शोषतो. आयएस ३८१२ च्या पहिल्या भागात ज्वलनातली घट ५ टक्क्यांच्या आत सांगितली आहे. अहवाल मागवा.

जीजीबीएस पोलाद कारखान्यात लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतल्या मळीपासून बनतं. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद कारखाना असल्यामुळे मुंबई आणि कोकणाला ते जवळ पडतं. समुद्राकाठच्या कामाला ते चांगलंही आहे, त्यामुळे तिथे मला ते राखेपेक्षा आवडतं.

मायक्रोसिलिका फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून गोळा होते, बरीचशी परदेशातून येते आणि वजनाने इतकी हलकी असते की ट्रक भरतो पण टन भरत नाहीत. घट्ट केलेल्या प्रकाराला भाडं कमी पडतं.

टँकर, आयबीसी टँक (पिंजऱ्यातली मोठी चौकोनी प्लास्टिक टाकी) की पिंप?

वापर बघून ठरवा. ३,००० घनमीटरला अडीच किलोप्रमाणे साडेसात टन होतात, तिथे टँकरची जुळवाजुळव करता येते. पिंपात प्लास्टिकचे पैसे, चढउताराची मजुरी आणि तळाशी राहणारा माल, तिन्ही जातात. दहा टनांच्या टँकरमध्ये ४० टक्के सॉलिड असेल तर तुम्ही सहा टन पाण्याचं भाडं भरता. तळोजा-खोपोलीकडून गडचिरोलीच्या कामाला माल न्यायचा असेल तर पावडर घेऊन साइटवर विरघळवण्याचा विचार जरूर करा. मात्र त्यासाठी चांगलं पाणी, ढवळणी आणि लक्ष देणारा माणूस हवा.

साठवणीची काळजी घ्या. पीसीई जंतूंनी नासतं, कुबट वास येतो आणि काम करणं कमी होतं. एसएनएफ तळाशी बसतं. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरची काळी टाकी म्हणजे मालाचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं. वर पत्रा टाका.

उन्हाळ्यात दर वाढवून सांगतात. ते बरोबर आहे का?

काही अंशी. उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) टिकवायला रिटार्डर, बहुधा सोडियम ग्लुकोनेट, जास्त घालावा लागतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर दोन-अडीच तास अडकणाऱ्या गाडीला आणि अर्ध्या तासात पोचणाऱ्या गाडीला केमिकलची एकच ग्रेड देणं चूक आहे. पण जवळच्या साइटसाठी तीन तासांच्या ग्रेडचे पैसे देऊ नका. शिवाय तिने स्लॅब उशिरा सेट होतो आणि फिनिशिंगवाले गवंडी रात्रीपर्यंत अडकून पडतात, तो खर्च वेगळा.

उधारीचा दरावर किती परिणाम होतो?

वाटतो त्याहून जास्त. महिना दीड टक्का धरला तरी ९० दिवसांचे साडेचार टक्के होतात आणि ते पुरवठादार दरात आधीच घालतो. रोखीचा दर वेगळा मागा. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे.

जीएसटी १८ टक्के, एचएसएन (मालाचा कर-संकेतांक) ३८२४४०. कोटेशन करासह आहे की कराशिवाय, हे तेवढं पाहा.

बोगद्याच्या केमिकलचा खर्च एकदम एवढा कसा वाढतो?

डोसमुळे. बोगद्यात शॉटक्रीट, म्हणजे फवारून लावायचं काँक्रीट वापरतात; ते झटकन घट्ट करणाऱ्या अल्कलीमुक्त अ‍ॅक्सेलरेटरला सिमेंटच्या साधारण ४ ते ८ टक्के लागतात. ४५० किलो सिमेंटला ते १८ ते ३६ किलो झाले. त्यात भिंतीवरून उडून खाली पडणारा माल धरा. इथे फवारणाऱ्याचा हात दरापेक्षा महत्त्वाचा आहे. कुशल नोझलमन असेल तर त्याला सांभाळा.

दर परवडतो म्हणून डोस वाढवत गेलो तर चालेल?

आयएस ४५६ मध्ये सिमेंट आणि त्यासोबतच्या राखेसारख्या पूरक मालाच्या एकूण वजनावर रिटार्डरला ०.५, प्लास्टिसायझरला १ आणि सुपरप्लास्टिसायझरला २ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापुढे जायचं तर चाचणीच्या आधारे उत्पादक आणि बांधकाम करणारा यांचं एकमत लागतं. एकूण क्लोराइडही सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोच्या आत राहायला हवं.

वार्षिक करारात काय लिहून घ्यावं?

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काम मंदावतं, तेव्हा बोलणी करा. दर घनमीटरवर बांधता आला तर उत्तम: काँक्रीटच्या ठरलेल्या ग्रेडला, ठरलेल्या स्लम्पला, इतके रुपये. असं कबूल करणारे पुरवठादार आहेत, पण ते वाळूची अट घालतील आणि ती अट रास्त आहे. किलोचा दर असेल तर सॉलिड आणि घनतेची मर्यादा, ती मोडल्यास माल परत नेण्याची जबाबदारी, आणि दरवाढ कोणत्या कच्च्या मालाच्या आधारे होईल हे लिहून घ्या. डोसिंग पंप, टाकी, तंत्रज्ञाच्या भेटी फुकट म्हणून मिळतात, त्यांचे पैसे दरातच असतात. भेटी खरोखर होतात का ते नोंदवा.

आणि प्रत्येक टँकरमधून एक लिटरचा नमुना पुरवठादाराच्या माणसासमोर सीलबंद करा, त्यावर तारीख आणि गाडी नंबर लिहा, आणि त्या मालाच्या २८ दिवसांच्या क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) निकाल येईपर्यंत सावलीत जपून ठेवा.